जुन्या गुलाबांचे कूळ

बागेतले जुने गुलाब आणि आधुनिक गुलाब यांच्यातली सीमा १८६७ या सालावर आखलेली आहे. फ्रान्समधल्या ल्यों शहरात झां-बातिस्त गियो यांनी त्या वर्षी ‘ला फ्रान्स’ हा गुलाब बाजारात आणला आणि पुढे तो पहिला हायब्रिड टी मानला गेला. गुलाबांचे जे वर्ग त्याआधीपासून लागवडीत होते ते सारे जुने, असा निवाडा अमेरिकन रोझ सोसायटीने १९६६ मध्ये दिला. गॅलिका, दमास्क, आल्बा, सेंटिफोलिया, मॉस, चायना, टी, नॉयझेट आणि बूर्बाँ हे त्यांतले मुख्य. या निवाड्यात वय धरले जाते ते वर्गाचे. म्हणून १८६७ नंतर निघालेला बूर्बाँ गुलाबही जुन्यांतच बसतो. ज्या ‘ला फ्रान्स’वरून ही रेषा ओढली गेली, त्याचे आईबाप मात्र आजही ठामपणे सांगता येत नाहीत. गियोंना तो ‘मादाम फाल्को’ या टी गुलाबाची संतती वाटत होता. नंतरच्या याद्यांनी वेगळीच जोडी नोंदवली.

ही अनिश्चितता आधीपासून चालत आलेल्या बागकामाच्या पद्धतीतूनच आली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समधले रोपवाटिकाकार शेजारीशेजारी लावलेल्या झुडपांवरची पिकलेली फळे गोळा करत, बी पेरत आणि हजारो रोपांतून मोजकी निवडत. फळ कोणत्या झाडावरचे एवढे कळे; पराग कुठून आला ते मधमाशीलाच ठाऊक. व्हिबेर यांच्यासारख्या नामवंताने अशा वाटेने शेकडो जाती दिल्या. त्याच सुमारास, १८१७ ते १८२४ दरम्यान, चित्रकार रदूते यांच्या गुलाबचित्रांचे खंड निघाले आणि फुलांची रूपे कायमची टिपली गेली. कुळाबद्दल मात्र चित्र काही सांगत नाही.

युरोपातले बहुतेक जुने गुलाब वर्षातून एकदाच फुलत. शरदातही फुलणारा ‘कात्र सेझों’ हा दमास्क त्याला अपवाद होता. चिनी बागांमधले, वर्षभर बहरणारे गुलाब आले तेव्हा हे चित्र बदलले. ‘स्लेटर्स क्रिमझन’ (सुमारे १७९२), ‘पार्सन्स पिंक’ (१७९३), ‘ह्यूम्स ब्लश’ (१८०९) आणि ‘पार्क्स यलो’ (१८२४) ही त्यांतली चार नावे पुढच्या जवळजवळ प्रत्येक वंशावळीत भेटतात. चीनहून निघालेली जहाजे कलकत्त्याला थांबत, त्यामुळे फ्रेंचांनी या फुलांना बंगालचे गुलाब म्हटले. ‘पार्सन्स पिंक’ म्हणजेच ‘ओल्ड ब्लश’. अमेरिकेतल्या चार्ल्सटनजवळ कस्तुरी गुलाबाशी त्याचा संकर होऊन नॉयझेट वर्ग जन्मला.

हिंदी महासागरातल्या रेयूनियन बेटावर, तेव्हाच्या ईल बूर्बाँवर, घडलेली गोष्ट भारताच्या अधिक जवळची आहे. तिथल्या मळ्यांना ‘ओल्ड ब्लश’ आणि ‘कात्र सेझों’ यांची कुंपणे असत. त्या कुंपणांत आपोआप उगवलेले एक वेगळे झुडूप वनस्पतितज्ज्ञ ब्रेओं यांच्या नजरेस पडले. त्याचे नाव ‘रोझ एदुआर’. १८१९ मध्ये त्याचे बी फ्रान्सला, ड्यूक ऑफ ऑर्लेआंच्या बागेतील जाक यांच्याकडे पोहोचले आणि तिथून बूर्बाँ गुलाबांची परंपरा सुरू झाली. भारतातल्या रोपवाटिकांत ज्या ‘एडवर्ड’च्या खुंटावर डोळे भरतात, आणि दक्षिणेत ज्याची सुटी फुले हारांसाठी विकली जातात, तो गुलाब याच नावाचा आणि याच वर्गातला. एका महत्त्वाच्या वर्गाचा मूळपुरुष इथे इतरांना मुळे पुरवत उभा आहे. त्याला खुंटापलीकडचा मान मिळायला हवा.

आई आणि बाप दोघे ठरवून संकर करण्याची शिस्त इंग्लंडमध्ये हेन्री बेनेट यांनी रुजवली. विल्टशरमधल्या या शेतकऱ्याला जनावरांच्या पैदाशीत वंशावळीची किंमत माहीत होती. फ्रेंच रोपवाटिका पाहून आल्यावर त्यांनी काचघरात कुंड्यांतल्या झाडांवर काम केले: कळी उमलण्याआधी पुंकेसर काढायचे, निवडलेला पराग लावायचा आणि नोंद ठेवायची. १८७९ मध्ये त्यांनी दहा गुलाब बाजारात आणले ते ‘टी गुलाबाचे वंशावळीचे संकर’ या नावाने. १८८२ ची ‘लेडी मेरी फिट्झविल्यम’ वाढीने दुबळी होती, तरी तिच्यापासून ‘मादाम कारोलिन तेस्तू’सारखी बळकट संतती आली. मेंडेलचे नियम जगाला पुन्हा गवसण्याच्या वीस वर्षे आधीचे हे काम आहे.

कागदावरची वंशावळ तपासायला विसाव्या शतकात झाडाचीच साक्ष मिळू लागली. गुलाबाच्या गुणसूत्रांचा मूळ संच सातचा. चिनी गुलाबांत अशी चौदा, गॅलिकांत अठ्ठावीस. दोघांच्या संकरातून एकवीस गुणसूत्रांचे रोप येते आणि ते बहुधा वांझ असते. केंब्रिजचे सी. सी. हर्स्ट यांनी अशा मोजणीतून आणि रूपलक्षणांतून कुळे मांडली. उन्हाळी दमास्क गॅलिका आणि रोझा फिनिशिया हा रानगुलाब यांचा, तर शरदातला गॅलिका आणि कस्तुरी गुलाबाचा, हे त्यांचे मत अर्धशतकभर पुस्तकांतून फिरले. २००० मध्ये इवाता, कातो आणि ओनो या जपानी संशोधकांनी डीएनए तपासला, तेव्हा चार जुने दमास्क एकाच मुळातून आलेले निघाले. कस्तुरी गुलाब आई, गॅलिका बाप, आणि त्या संकरावर मध्य आशियातल्या रोझा फेडत्शेन्कोआनाचा पराग. हरितलवकाचा डीएनए मातेकडून येत असल्याने आई कोण हेही ठरले. फिनिशियाचा संबंधच उरला नाही.

ओसाड बागेत किंवा स्मशानभूमीत नाव हरवलेला गुलाब सापडतो, तेव्हा पहिली शंका खुंटाची घ्यावी लागते. डोळा भरलेली जात मरते आणि खुंटाचे फुटवे तग धरतात. अमेरिकेत ‘डॉक्टर ह्यूई’ असाच ठिकठिकाणी उरला आहे. नंतर पाने, काटे, उपपर्णे, फळाचा आकार, वास आणि बहराचा काळ दोन-तीन वर्षे पाहावा लागतो. बहराची लय लागवडीसाठीही कळीची. एकदाच फुलणारे गॅलिका किंवा आल्बा आदल्या वर्षीच्या फांदीवर फुलतात, म्हणून त्यांची छाटणी बहर ओसरल्यावर करतात; महाराष्ट्रातली ऑक्टोबरची छाटणी त्यांचा बहरच कापून टाकील. शिवाय त्यांना थंडी लागते. इथल्या हवेत चायना, टी, नॉयझेट आणि बूर्बाँ हेच जुने गुलाब खरे रमतात, आणि फाटे कलमाने स्वतःच्या मुळावर वाढवले तर खुंटाचा घोटाळाही टळतो.

बारमाही बहराचे कारण २०१२ मध्ये जनुकापर्यंत जाऊन सापडले. बहराला आवर घालणाऱ्या केएसएन या जनुकात डीएनएचा एक फिरता तुकडा घुसला आणि तो आवर निघाला. हा बदल चिनी गुलाबांतला. २०१८ मध्ये ‘ओल्ड ब्लश’चा संपूर्ण जनुकसंच वाचून प्रसिद्ध झाला, त्यामुळे कोणत्या गुलाबात चिनी वारशाचा कोणता भाग उतरला हे आता गुणसूत्रागणिक पाहता येते.