वाटीतले बेदाणे आणि कागदावरचे ग्रॅम

आहाराच्या तक्त्यात ‘बेदाणे ३० ग्रॅम’ असे लिहिलेले असते आणि आपल्या फडताळात असतात लहानमोठ्या वाट्या. वजनकाटा बहुतेक घरांत नसतो. मग मूठभर बेदाणे घेऊन आपण समाधान मानतो. निरोगी माणसाला एवढे पुरते. मात्र घरात मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेले वडीलधारे माणूस असेल, तर ‘मूठभर’ हे माप फार सैल ठरते.

याचे कारण फळ सुकवण्याच्या प्रक्रियेतच आहे. सुमारे चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. पाणी उडून जाते, साखर मागे राहते. १०० ग्रॅम बेदाण्यांत जवळजवळ ७९ ग्रॅम कर्बोदके असतात आणि त्यांतील बहुतांश साखरच असते. सुक्या जर्दाळूच्या १०० ग्रॅममध्ये पोटॅशियम ११०० मिलिग्रॅमहून अधिक असते. मूत्रपिंडाच्या रुग्णाने सुकी फळे किती खावीत, किंबहुना खावीत की नाही, हे म्हणूनच डॉक्टरांनाच विचारावे.

आता माप. १५० मिलिलिटरची वाटी बेदाण्यांनी सैलसर भरली, तर त्यात साधारण ९० ग्रॅम बेदाणे मावतात. दाबून भरली, की आकडा शंभराच्या पुढे जातो. म्हणजे ३० ग्रॅम ही वाटीची जेमतेम तिसरी पायरी झाली. १५ मिलिलिटरच्या सपाट चमच्याने मोजल्यास तीन चमचे, थोडे वर.

परंतु आपली वाटी १५० मिलिलिटरची आहे, हे कशावरून? त्यासाठी एक सोपा उपाय आहे. छापील वजनाचे २५० ग्रॅमचे पाकीट आणावे आणि नेहमीच्या वाटीने, न दाबता, सपाट मोजावे. पावणेतीन वाट्या भरल्या, तर २५० भागिले २.७५ म्हणजे एका वाटीत सुमारे ९१ ग्रॅम. हा आकडा कागदावर लिहून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवावा. घरात मदतनीस बदलत असतील, तर हा कागद विशेष उपयोगी पडतो. ती वाटी मात्र त्याच कामासाठी राखून ठेवावी.

प्रत्येक फळासाठी हा हिशेब निराळा करावा लागतो. बिया असलेली मोठी काळी मनुका आणि बारीक बेदाणा वाटीत सारखे बसत नाहीत. खजूर आणि अंजीर तर वाटीने मोजूच नयेत, नग मोजावेत. २५० ग्रॅमच्या पाकिटात ३० खजूर निघाले, तर एक खजूर सुमारे ८ ग्रॅमचा. त्यात बीचेही वजन आले. मोठ्या जातीचा एकच खजूर २० ग्रॅमच्या वर भरतो, तेव्हा ‘रोज दोन खजूर’ या सल्ल्यात खजूर कोणता, हे विचारून घेणेच शहाणपणाचे.

डिंकाच्या लाडवांत फसगत होते ती खारकेमुळे. पाव किलो अख्ख्या खारकांची पूड पाव किलो होत नाही; बिया वजा होतात. प्रमाण पुडीचे आहे की अख्ख्या खारकेचे, हे आधी पाहावे.

दात नसलेल्यांसाठी बेदाणे भिजवावे लागतात. भिजल्यावर ते फुगून वाटी भरल्यासारखी दिसते, म्हणून माप नेहमी कोरड्याचे घ्यावे. भिजवलेले पाणी प्यायला दिले, तर त्यात उतरलेली साखरही पोटात जातेच.