उपासनेतलं गाणं ही नुसती सजावट नव्हे

आमच्या राजुऱ्यात भजनाच्या चाली लहानपणापासून कानांवर पडतात; मराठी ख्रिस्ती गीतांची मुळंही याच भजनपरंपरेत आहेत. माझ्या मते उपासनेतलं गाणं ही शिकवणच असते. फादर थॉमस स्टीफन्स यांचं १६१६ मध्ये छापलेलं ‘ख्रिस्तपुराण’ ओवीबद्ध आहे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्तभक्तीचे अभंग रचले. अक्षरओळख नसली तरी अभंग पाठ होतो, आणि त्याबरोबर श्रद्धेचा आशयही मनात उतरतो.

अभंगाच्या वारकरी वळणामुळे श्रद्धेत सरमिसळ होते, असा आक्षेप घेतला जातो. पण छंद कुणा एका पंथाच्या मालकीचा नसतो. मार्टिन ल्यूथरनेही सोळाव्या शतकात लोकभाषेतली गीतंच मंडळीच्या तोंडी दिली. सुरांत अर्थ हरवू शकतो, हे मात्र खरं. त्यावर उपाय गाणं थांबवणं नव्हे. सगळ्यांना गाता येईल अशी चाल आणि स्वच्छ शब्द निवडणं, हाच आहे.