शक्तिमानचा बुश भिवंडीच्या लेथवर

लष्कराचा जुना शक्तिमान उभा करताय? जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून जबलपूरला बनलेल्या या ट्रकचे सुटे भाग आता सहज मिळत नाहीत. पण भिवंडीत यंत्रमागाचे भाग घडवणारे लेथवाले आहेत. गनमेटलचा बुश म्हणजे त्यांच्या हातचा मळ!

फक्त झिजलेला बुश नमुना म्हणून देऊ नका, नवाही तेवढाच ढिला होईल. बुशमध्ये बसणाऱ्या पिनचा न झिजलेला भाग व्हर्नियरने मोजा आणि त्यावरून माप द्या.

केबिनचा तळ गंजलाय? आधी पुठ्ठ्याचा फर्मा, मगच पत्रा कापा. वेल्डिंग सलग ओढलं की पत्रा वाकतो, म्हणून दूर दूर टाके मारून मधलं भरा. आणि जुना भाग, कितीही सडका असला तरी, नवा बसेपर्यंत भंगारात देऊ नका.