विषाणूशी लढणारा अंगातला जागल्या. जुना शत्रू लक्षातही ठेवतो!

व्हायरल ताप आला की विषाणूला नेमकं ओळखणारी फौज अंगात तयार व्हायला आठवडाभर लागतो. तोवर खिंड लढवण्यात रक्तातल्या एका पांढऱ्या पेशीचा मोठा वाटा असतो. तिचं नाव नॅचरल किलर, म्हणजे एनके पेशी.

ती ओळखते कसं? जनावराच्या कानात बिल्ला असतो, तशी आपल्या निरोगी पेशींवर खूण असते. काही विषाणू पेशीत शिरले की पकडलं जाऊ नये म्हणून ही खूणच लपवतात. एनके पेशी नेमकी तीच तपासते. खूण गायब आणि पेशी आजारी दिसली, की तिला भोक पाडून आत घातक रसायन सोडते. पेशी मरते, विषाणूची वाढ खुंटते.

या पेशींचा शोध १९७५ चा. त्यांना आठवण नसते, असंच पुढे मानलं जायचं. पण २००९ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात सायटोमेगॅलो विषाणूशी लढलेल्या एनके पेशी काही महिने टिकल्या आणि पुन्हा गाठ पडताच जास्त जोमाने लढल्या. माणसातही या विषाणूच्या लागणीनंतर अशा सरावलेल्या पेशी वाढलेल्या दिसतात.

हा जागल्या जन्मतःच नसेल, तर साध्या कांजिण्याही जिवावर बेततात.