खालीलपैकी एक पर्याय निवडा

जात विचारली की माणूस आधी आपल्याकडे निरखून बघतो आणि मग म्हणतो, "कशासाठी?" जानेवारी 2024च्या अखेरीस मांजरी बुद्रुकमध्ये एका प्रगणक बाईंबरोबर हिंडताना हे दारोदारी दिसलं. मराठा समाजाचं मागासलेपण तपासणारं राज्य मागासवर्ग आयोगाचं सर्वेक्षण 23 तारखेला सुरू झालं होतं. मोबाईलच्या ॲपमध्ये दीडशेवर प्रश्न. आरक्षित प्रवर्गातलं घर निघालं की काम झटपट आटपे; खुल्या प्रवर्गातलं असलं की बाई पाणी मागून घेत आणि टेकत.

गावठाणातल्या एका घरी आजींना विचारलं, तुमच्या समाजात विधवांना कुंकू लावता येतं का? आजी म्हणाल्या, "समाजात का घरात? माझ्या सुनेला मी लावू देते. भावकीतल्यांचं मी कशी सांगू?" बाईंचं बोट स्क्रीनवर थबकलं. प्रश्न समाजाविषयीचा, उत्तर एका घराचं. त्यांनी 'होय' दाबलं. त्या क्षणी आजींची सून एका अख्ख्या समाजाची चालरीत झाली! बाईंना दोष देण्यात अर्थ नाही, दुसरं काही दाबायची सोय नव्हती.

पुढे दोन चुलतभावांची घरं लागली. पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर 'कुणबी' सापडलेलं. एकाने प्रमाणपत्र काढलं, तो ओबीसी. दुसरा ठाम : "आम्ही मराठाच, अर्ज कशाला करू?" पहिल्याचं घर काही मिनिटांत उरकलं, दुसऱ्याकडे चहा दोनदा झाला.

संघर्षाचे अभ्यासक अशाच नोंदींवर इमले रचतात. गट कोणते, सत्तेत कोण, बाहेर कोण, आणि त्यातून हिंसा कुठे उसळते, असा तो हिशेब. 1964 साली मॉस्कोत निघालेला जगातल्या लोकसमूहांचा नकाशासंग्रह त्यासाठी कित्येक दशकं वापरला गेला. त्याची मुख्य कसोटी भाषा. ती लावली तर बीडचे मराठा आणि वंजारी एकाच गटात जातात. ऑक्टोबर 2023मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनात तिथे आमदारांची घरं का पेटली, हे त्या नकाशावरून कोणाला कळणार? झुरिकच्या ईटीएच विद्यापीठाची अलीकडची यादी अधिक सावध आहे. तिच्यात अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसी वगळून उरलेले मराठी हा एक गट, ओबीसी हा दुसरा. म्हणजे मांजरीतले आपले चुलतभाऊ आता दोन गटांत!

जातींची नावं जशी येतील तशी लिहून घ्यावीत, तर तेही निभत नाही. 1931च्या जनगणनेत 4,147 जाती होत्या. 2011च्या सामाजिक-आर्थिक आणि जातनिहाय जनगणनेत लोकांनी सांगितलेली नावं 46 लाखांवर गेली. कुठे आडनाव, कुठे पोटजात, कुठे एकाच नावाची चार स्पेलिंगं.

मला खटकतं ते वेगळंच. गट आधी असतात आणि भांडण मागाहून येतं, असं ही कोष्टकं धरून चालतात. इथे क्रम उलटा होता. 1 सप्टेंबर 2023ला जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला, आंदोलन पेटलं, जुन्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, मोडी लिपी वाचणाऱ्यांना कामं मिळाली, आणि मग घराघरांत पणजोबांचे दाखले शोधले जाऊ लागले. फेब्रुवारी 2024मध्ये मराठ्यांना दहा टक्के आरक्षणाचा कायदा झाला. एका वर्षाने हाच प्रश्न त्याच दारात विचारला तर उत्तर बदलू शकतं, आणि दोन्ही वेळा माणूस खरंच बोलत असतो. अभ्यासकांच्या तक्त्यात निदान दोन रकाने वाढवायला हवेत : विचारलं कोणी, आणि त्या उत्तरावर तेव्हा काय मिळणार होतं.