एकाच आईची तीन मुलं

युनिटी डाऊ यांना तीन मुलं. आई एक, वडीलही एकच आणि तिघांचाही जन्म बोत्स्वानातला. थोरलं अपत्य १९७९ मध्ये झालं, तेव्हा आई-वडिलांचं लग्न झालेलं नव्हतं. त्यामुळे ते देशाचं नागरिक ठरलं. मार्च १९८४ मध्ये लग्न झालं. त्यानंतर, १९८५ आणि १९८७ मध्ये झालेली दोन मुलं मात्र आपल्याच गावात परदेशी!

याचं मूळ होतं १९८४ च्या नागरिकत्व कायद्यात. आई-वडील विवाहित असतील तर मुलाला बापाचं नागरिकत्व मिळायचं, विवाहित नसतील तर आईचं. युनिटींचे पती अमेरिकन. जवळजवळ चौदा वर्षं ते बोत्स्वानातच राहत होते, पण कायद्याला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. उलट एखाद्या बोत्स्वानी पुरुषानं परदेशी बाईशी लग्न केलं, तर त्याच्या मुलांना काहीच अडचण नव्हती. म्हणजे बाईनं रीतसर संसार थाटला की तिची मुलं परकी आणि लग्नाशिवाय मूल झालं तर ते देशाचं. परंपरेच्या रक्षणासाठी केलेल्या कायद्याचा असा अर्थ निघतो, हे तो करणाऱ्यांच्या ध्यानात आलं नसावं.

घरात याचा जाच रोजचा होता. पतीचा राहण्याचा परवाना एका वेळी फार तर दोन वर्षांचा आणि मुलांचं राहणं त्या परवान्याला टांगलेलं. परवाना वाढवून मिळाला नाही, तर बाप आणि दोन्ही मुलं देशाबाहेर. ही मुलं परदेशी गेली तर वडिलांबरोबर, त्यांच्याच पासपोर्टवर परत येऊ शकत. आईच्या पासपोर्टचा काही उपयोग नव्हता. पुढे विद्यापीठात गेल्यावर नागरिकांना मिळणारं फुकट शिक्षणही त्यांना मिळणार नव्हतं. हे सगळं युनिटी डाऊ यांनी १९९० मध्ये प्रतिज्ञापत्रावर लिहून कोर्टात दिलं. त्या स्वतः वकील होत्या. दुसऱ्या कुणाची फिर्याद हाती घेण्यापेक्षा त्यांनी स्वतःचंच घर पुरावा म्हणून मांडलं.

त्यांचा जन्म १९५९ चा, मोचुडी गावातला. तेव्हा देश ब्रिटिशांच्या ताब्यात होता आणि नाव होतं बेचुआनालँड. वडील शेतकरी, आई शिवणकाम करायची. स्वातंत्र्य १९६६ मध्ये आलं आणि ही मुलगी नव्या देशाच्या शाळांतून पुढे सरकत गेली. बोत्स्वाना आणि स्वाझीलँड यांच्या सामाईक विद्यापीठात तिनं कायद्याचा अभ्यास केला, त्यातली दोन वर्षं एडिंबरामध्ये. ऐंशीच्या दशकात ‘एमांग बसाडी’ ही स्त्रियांची संघटना उभी राहिली, तिच्या संस्थापकांत त्या होत्या. मोचुडीत स्त्रियांना कायद्याची माहिती आणि मदत देणारं केंद्रही त्यांनी सहकाऱ्यांबरोबर सुरू केलं.

खटल्याची खरी गंमत राज्यघटनेच्या दोन कलमांत आहे. कलम ३ म्हणतं, मूलभूत हक्क प्रत्येक व्यक्तीला आहेत, मग वंश, वर्ण, लिंग काहीही असो. कलम १५ भेदभावाला बंदी घालतं आणि भेदभाव कशाकशावरून होतो याची यादी देतं : वंश, जमात, मूळ ठिकाण, राजकीय मतं, वर्ण, पंथ. या यादीत लिंग नव्हतं. सरकारी वकिलांनी नेमकं तेच धरलं. ही चूक नव्हे, असं ते म्हणाले. आमचा समाज पितृसत्ताक आहे, मूल बापाच्या वंशाचं असतं, ही रीत मोडू नये म्हणूनच घटनाकारांनी तो शब्द जाणूनबुजून गाळला. आपलं सरकार स्त्रियांवर अन्याय करतं असा आरोप झाला, की सरकारं सहसा तो नाकारतात. इथे सरकारनं तो मान्य करून वर घटनेचा आधार दिला.

१९९१ मध्ये लोबात्सेच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती हॉर्विट्झ यांनी युनिटींच्या बाजूनं निकाल दिला. बाईला मालमत्ता समजण्याचे दिवस कधीच सरले, असं त्यांचं म्हणणं. सरकार अपिलात गेलं. तिथे पाच न्यायाधीश बसले. त्यांत जॉर्ज बिझोस होते, रिव्होनिया खटल्यात नेल्सन मंडेलांचे एक वकील. ३ जुलै १९९२ रोजी निकाल आला, तीन विरुद्ध दोन असा. अध्यक्ष ऑस्टिन अमिसा आणि बिझोस बहुमतात होते. कलम १५ मधली यादी नमुन्यादाखल आहे, तीत एक शब्द नाही म्हणून कलम ३ नं दिलेलं काढून घेता येत नाही, असं बहुमतानं ठरवलं. नागरिकत्व गेलं ते मुलांचं, आईचं काय बिघडलं, हा सरकारचा आणखी एक मुद्दा. त्यावरचं उत्तर साधं होतं : मुलांना देश सोडावा लागला तर आई मागे कशी राहील? तेव्हा बंधन तिच्यावरही आलंच. उरलेल्या दोघा न्यायाधीशांना मात्र सरकारचंच म्हणणं पटलं होतं. एक मत फिरलं असतं तर निकाल उलटा लागता.

निकाल लागला, तरी कायदा बदलायला सरकारनं १९९५ उजाडवलं. घटनेच्या यादीत ‘लिंग’ आलं २००५ मध्ये.

भारतीय वाचकानं यावर नाक मुरडण्याचं कारण नाही. परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशपरंपरेनं भारतीय नागरिकत्व मिळायचं ते बाप भारतीय असेल तरच. आईलाही तो मान मिळाला डिसेंबर १९९२ पासून, म्हणजे डाऊ खटल्यातल्या अपिलाच्या निकालानंतर पाच महिन्यांनी.

ज्या सरकारला त्यांनी हरवलं, त्याच्याच देशात १९९८ मध्ये डाऊ उच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री न्यायाधीश झाल्या. तिथला त्यांचा सर्वांत गाजलेला निकाल १३ डिसेंबर २००६ चा. मध्य कालाहारीच्या अभयारण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या सान लोकांना सरकारनं २००२ मध्ये बाहेर काढलं होतं आणि पाण्यासह सगळ्या सोयी बंद केल्या होत्या. तीन न्यायाधीशांत मतभेद झाले. पण लोक आपखुशीनं गेले हा सरकारचा दावा डाऊ यांनी मानला नाही. सान लोकांना परत जाण्याचा हक्क आहे, हे बहुमतानं ठरलं.

याच काळात त्या कादंबऱ्याही लिहीत होत्या. एड्सनं पोखरलेलं घर, अंधश्रद्धेपायी होणारे बळी आणि ते दडपणारी बडी माणसं असे विषय न्यायासनावरून बोलता येत नाहीत. त्यांनी ते गोष्टीत घातले. २०१० मध्ये केनियाच्या नव्या राज्यघटनेबाबतचे वाद सोडवणाऱ्या न्यायालयावर त्यांची नेमणूक झाली. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या एका चौकशी पथकात पाकिस्तानच्या अस्मा जहांगीर त्यांच्या सहकारी होत्या. त्यानंतर डाऊ राजकारणात शिरल्या, शिक्षणमंत्री झाल्या, परराष्ट्रमंत्रीही झाल्या. कधीकाळी ज्या पक्षाच्या सरकारला कोर्टात खेचलं, त्याच पक्षाच्या सरकारात बसणं काहींना खटकलं असेल. पण मोठा पल्ला गाठणाऱ्या वकिलाला कायदा कोर्टात वाकवण्यापेक्षा तो जिथे लिहिला जातो तिथे जाण्याची ओढ लागणं स्वाभाविक आहे.

त्यांच्या खटल्याचा वारसा इतरांनी चालवला. मुसी बहिणींचं प्रकरण पाहा. यातल्या थोरल्या एडिथ मुसी ऐंशीच्या घरातल्या. आई-वडिलांचं घर बहिणींनी पदरच्या पैशांनी राखलं, डागडुजी केली. पण बांग्वाकेत्से जमातीच्या रिवाजाप्रमाणे वडिलोपार्जित घर धाकट्या मुलाकडे जातं. त्या आधारावर पुतण्यानं ते मागितलं. २०१२ मध्ये न्यायमूर्ती ओआगिले डिंगाके यांनी घर बहिणींचं ठरवलं. त्यांच्या निकालात डाऊ खटल्याचा हवाला आहे. २०१३ मध्ये अपिलातही बहिणीच जिंकल्या. मात्र विवाह, घटस्फोट, वारसा अशा बाबतींत कलम १५ च्या भेदभावबंदीला दिलेली सूट बोत्स्वानाच्या घटनेत राहिलीच. त्यामुळे रिवाजाला आव्हान देणाऱ्या प्रत्येक बाईला आपलं प्रकरण नव्यानं मांडावं लागतं.