उघड्या पुस्तकाची परीक्षा : अमेरिकेतील इलेक्ट्रिशियन परवान्याची पूर्वतयारी

ज्या परीक्षेत पुस्तक उघडण्याची मुभा असते ती सोपी असते, असा समज विद्यार्थ्यांत व काही अंशी अध्यापकांतही आढळतो. अमेरिकेतील इलेक्ट्रिशियनच्या परवाना परीक्षेचे उदाहरण या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. तेथे हा परवाना देशपातळीवर मिळत नाही. तो बहुतांशी राज्ये व काही ठिकाणी स्थानिक संस्था देतात. परीक्षेचा आधारग्रंथ मात्र बहुधा एकच असतो. १८९७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या 'नॅशनल इलेक्ट्रिकल कोड' या नियमसंहितेची नवी आवृत्ती आता दर तीन वर्षांनी निघते.

एका प्रश्नास साधारणतः तीनएक मिनिटे मिळतात. शेकडो पृष्ठांची संहिता तेवढ्यात चाळणे अशक्य. म्हणून तिची रचना आधीच अंगवळणी पडलेली असावी लागते. २०२३ च्या आवृत्तीत पहिली चार प्रकरणे सर्वसाधारण नियमांची आहेत, तर पाच ते सात ही प्रकरणे विशिष्ट जागा, उपकरणे व परिस्थिती यांसाठी त्या नियमांत भर घालतात किंवा बदल करतात. प्रश्नात पेट्रोलपंप आला, की पाचवे प्रकरण पाहिल्याविना उत्तर पुरे होत नाही. सूची वापरतानाही संहितेची परिभाषा ठाऊक हवी. कारागीर ज्याला 'फिक्स्चर' म्हणतो, त्याला संहिता २००२ पासून 'ल्युमिनेअर' म्हणते.

खरी परीक्षा होते ती गणितांत. साडेसात अश्वशक्तीची, २३० व्होल्टची, सतत चालणारी थ्री-फेज मोटर घ्या. नेमप्लेटवर १९ अँपिअर लिहिले आहे. परीक्षार्थी त्याची सव्वापट करतो, २३.७५ हा आकडा काढतो आणि ७५ अंश सेल्सिअसच्या स्तंभातून २५ अँपिअर क्षमतेची १२ गेजची तांब्याची तार निवडतो. गुणाकार बिनचूक, उत्तर चूक! तारेसाठी नेमप्लेट नव्हे, तर तक्ता ४३०.२५० मधील २२ अँपिअर घ्यावे, असा नियम आहे. सव्वापट २७.५ होते व १० गेजची जाड तार लागते. नेमप्लेटचा आकडा अतिभार संरक्षणासाठी वापरायचा असतो. हा भेद न कळलेल्यास पुस्तक समोर असूनही निरुपयोगी, आणि प्रत्यक्ष कामावर ही चूक तापणाऱ्या तारेच्या रूपाने प्रकट होऊ शकते.

आवृत्तीची निवड ही वरवर किरकोळ, पण महाग पडणारी बाब आहे. सर्व राज्ये एकाच वेळी नवी आवृत्ती स्वीकारत नाहीत. तारांच्या वहनक्षमतेचा परिचित तक्ता ३१०.१६ हा २०११ ते २०१७ च्या आवृत्त्यांत ३१०.१५(बी)(१६) झाला होता. २०२० मध्ये त्याला जुना क्रमांक परत मिळाला. त्यामुळे आपल्या राज्याची परीक्षा कोणत्या आवृत्तीवर आहे, हे पुस्तक घेण्यापूर्वीच विचारून घ्यावे. पानांना खुणेच्या पट्ट्या लावण्याचे नियमही ठिकठिकाणी निराळे असतात. अनेक केंद्रांत कायमच्या चिकटवलेल्या पट्ट्या चालतात, सुटे कागद चालत नाहीत.